एकाच डीपीवर

मी विजेवर चालणारी गाडी घेतली ते साल दुष्काळाचं निघालं. गाडी घेतली तेव्हा पोळा व्हायचा होता आणि पाऊस उशिरा का होईना येईल असं सगळेच म्हणत होते. तो आला नाही. दिवाळीपर्यंत तूर करपली, संक्रांतीला ओढ्याच्या कोरड्या पात्रात गुरं बसायला लागली, आणि शिमग्याच्या सुमारास गावात पाण्याशिवाय दुसरा विषय उरला नाही.

मी कंधारला सरकारी दवाखान्यात लॅबमध्ये काम करते. रक्त-लघवी तपासायचं काम. आमचं गाव तिथून पंचवीस किलोमीटरवर, नांदेड जिल्हा संपून लातूर जिल्हा सुरू होतो त्या अंगाला आहे. वडील गेल्यावर माय एकटी पडली. तिला कंधारला चल म्हटलं तर म्हणाली, "मी हितंच बरी हाय. तुला यायचं तर तू ये." म्हणून मीच माहेरी राहायला आले. नवरा हदगावकडे शाळेवर होता. तो शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत जायचा. बाकी दिवस मी, माय आणि गाडी.

आधीची गाडी पेट्रोलची होती. जुनी झाली होती, चढावर धापा टाकायची, आणि पगारातला मोठा घास तीच खायची. विजेची गाडी घ्यायची ठरवली तेव्हा दवाखान्यातले औषधं देणारे काका रोज जेवणाच्या सुट्टीत मला अडवायचे. ते म्हणायचे, "मॅडम, पेट्रोल संपलं तर बाटलीत आणता येतं. करंट संपला तर काय बाटलीत आणणार?" मी म्हणायचे, "काका, मला रोज जायला पंचवीस आणि यायला पंचवीस. संध्याकाळी घरी आले की मोबाईलसारखी लावून ठेवायची. संपायचा प्रश्न येतोच कुठं?" माझ्याकडे त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. किती चालते, एसी लावला तर किती कमी चालते, लातूरला जाऊन यायचं तर जमेल की नाही, सगळं मी महिनाभर वहीत लिहून पाहिलं होतं. आमच्या घरात आलेली वायर मागं कुठपर्यंत जाते, तेवढं मात्र मी मान वर करून पाहिलं नव्हतं.

ती वायर विहाराच्या मागच्या डीपीवर जात होती. दोन खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर; त्याला गावात सगळे डीपीच म्हणतात. आमची वस्ती, गावाची एक बाजू आणि पिठाची गिरणी, सगळं त्या एका डीपीवर होतं. ओसरीत गाडीसाठी जाडा प्लग बसवायला कंधारहून इलेक्ट्रिशियन आला होता. तो म्हणाला, "मॅडम, ही पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीच्या जवळपास ओढते. वायर जाड टाकावी लागंल." वायर जाड टाकावी लागंल, एवढंच मी ऐकलं आणि त्याच्यासाठी चहा ठेवला.

खरं सांगायचं तर पहिले काही महिने मी त्या गाडीवर खूश होते. रस्ता खराब, पण ती आवाज न करता चालायची. वस्तीतल्या बायका एकेक करून बसून गेल्या. माय पुढच्या सीटवर पदर सावरून बसायची आणि ओळखीच्या घरासमोरून जाताना काच खाली करायला लावायची. पंपावरची रांग सुटली. दर महिन्याला गॅरेजवाल्याच्या पाया पडणं सुटलं. माझ्यासारख्या रोज ठरलेल्या वाटेनं जाणाऱ्या माणसाला हीच गाडी बरी, असं मी काकांना ठासून सांगायचे, आणि ते खोटं नव्हतं.

मग गावची विहीर आटली.

पंचायतीनं एका शेतकऱ्याचा बोर ताब्यात घेतला. दुष्काळात तसं करतातच. तो शेतकरी माझ्या वर्गात होता, चौथीपर्यंत. शाळेत आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायचो. पुढं मला नोकरी लागली तसा तो "तुम्ही" म्हणायला लागला आणि मग मीही. त्याचे दोन बोर होते, एक बागेत आणि हा गावाला लागून, म्हणून ह्याच्या मोटरीची लाईन आमच्याच डीपीवर जोडली. पंचायतीचा शिपाई सकाळी आणि संध्याकाळी सहाला मोटर चालू करायचा, टाकी भरायचा आणि तीन दिवसांनी एकदा अर्धा तास नळ सोडायचा.

मी पण सहालाच घरी यायचे.

मोटर घरघरून बंद पडायला लागली तेव्हा आधी कुणाला काही कळलं नाही. दिवे तांबडे व्हायचे, पंखा रेंगाळायचा. एका संध्याकाळी शिपाई बोरवरून चालत आमच्या दारात आला. ओसरीत गाडीच्या प्लगजवळ हिरवा दिवा लुकलुकत होता. तो त्याकडे बघत उभा राहिला.

"मॅडम, ही किती येळ लावता?"

"रात्रभर. का?"

"काय न्हाई. इचारलं."

आणि तो गेला. दुसऱ्या दिवसापासून मी मोटर बंद झाल्यावरच गाडी लावायला लागले. मला वाटलं, झालं. पण उन्हाळा वाढला तसं बोरचं पाणीही तुटक झालं. पाव तास मोटर चालवायची, तासभर थांबायचं, पाणी जमलं की पुन्हा चालवायची. मोटरीला ठरलेली वेळ उरली नाही आणि मलाही रिकामी वेळ उरली नाही. मी कधीही प्लग लावला तरी तो कुणाच्या तरी पाण्यात लागायचा.

त्या डीपीवर एकटी माझी गाडी नव्हती. घराघरात कूलर होते. शेताच्या लाईनीला दिवसातून काहीच तास वीज असायची, म्हणून गावाच्या तारेवर आकडे टाकून कुणी ना कुणी शेतातली मोटर चालवायचं. हे सगळ्यांना माहीत होतं, लाईनमनलाही. पण आकडे लांब, बांधापलीकडं होते. माझी गाडी रस्त्यालगतच्या ओसरीत होती, पांढरीशुभ्र, आणि तिचा हिरवा दिवा येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायचा.

गिरणीवर कुणीतरी बोललं, आणि मायनं ते घरी आणलं. "ती गाडी पानी पिती म्हनं."

मी हसले. माय हसली नाही. पिठाचा डबा खाली ठेवून ती म्हणाली, "मी तुझ्यापरीस ल्हान हुते तवा आमी गावात त्यांच्या हिरीवर जायचो. तासन्‌तास उभं ऱ्हायचो. कुनाच्या मनात आलं तर वरून वततील. पान्याची गोष्ट हाय. हसन्यावारी न्यायची न्हाई."

"माय, आता तसं राहिलंय का?"

"मी कुटं म्हनले तसं ऱ्हायलं? मी म्हनले हसू नको."

त्यानंतरच्या आठवड्यात गिरणीवरही कुणी हसेना. मी दळण घेऊन गेले की बोलणं थांबायचं. ऊन लई हाय, असं कुणीतरी म्हणायचं, दुसरा हाव म्हणायचा, आणि मी बाहेर पडेपर्यंत कुणी पुढं बोलायचं नाही. त्या दिवसांत आणखी एक हवा होती. जिल्हे तोडून नवा जिल्हा होणार, आपलं गाव त्यात जाणार, असं सगळे बोलायचे. लाईनमनला म्हटलं, डीपी मोठा बसवा, तर तो म्हणायचा, "नवा जिल्हा झाला की बगू. आता कुनी सही करत न्हाई." पाण्याच्या टँकरचं विचारलं तरी तेच उत्तर. गाव कुठल्या जिल्ह्यात राहणार हे ठरेपर्यंत जणू कुणी आमचं नव्हतंच.

चैत्र लागला होता. एका सकाळी मी कामावर निघाले, तर गाडीच्या बॉनेटवर एक घागर होती. स्टीलची, रिकामी, पालथी. मायला हाक मारली. ती घागर हातात घेऊन तिनं उलटीसुलटी पाहिली. नाव घातलेलं नव्हतं. तिनं ती भिंतीवर ठेवली. मी परत आले तेव्हा ती कुणीतरी नेली होती.

दुसऱ्या दिवशी दोन घागरी होत्या.

मी गाडीभोवती फिरून बघितलं. ओरखडा नाही, काच फुटलेली नाही, चाकातली हवा काढलेली नाही. कुणी दगड मारला असता तर मी पोलिसांत गेले असते, भांडले असते. पालथ्या घागरीबद्दल मी कुणाकडे काय तक्रार करणार होते? तिसऱ्या दिवशी घागर नव्हती. प्लग उपसून ठेवला होता आणि चार्जिंगची केबल नीट गुंडाळून पायरीवर ठेवली होती, एखाद्या शहाण्या माणसानं ठेवावी तशी. वस्तीतलं कुत्रं भुंकलं नव्हतं. म्हणजे ओळखीचंच माणूस होतं.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "जुनी होती तीच बरी होती. निदान तिच्यापायी कुणाशी वाकडं आलं नव्हतं."

मला राग आला, पण त्याचं बरोबर होतं. पेट्रोल कुठून येतं हे गावात कुणालाच दिसत नव्हतं. वीज मात्र शेजाऱ्याच्या घरावरून येत होती. बाहेर चार्जिंगची सगळ्यात जवळची सोय होती ती लातूरच्या रस्त्यावर एका ढाब्यापाशी, आमच्यापासून चाळीस किलोमीटरवर. तिथं एकच मशीन होतं आणि ते कधी चालू असायचं, कधी नसायचं. दवाखान्यातल्या प्लगला लावायची मी हिंमत केली नाही; सरकारी वीज. मग मी एक दिवसाआड लावायला लागले. घरात पंखा बंद ठेवायचा, दिवा एकच, आणि गाडी लावायची. जणू त्यानं फिटाफीट होणार होती. माय अंधारात बसून भाकरी करायची.

त्याच पंधरवड्यात एका पहाटे दार वाजलं. दारात माझा वर्गमित्र उभा होता, बोरवाला. श्वास लागलेला, खांद्यावरचा रुमाल हातात पिळलेला.

"ताई, आईला दम लागलाय. रातीपासून बसूनच हाय. गावातली भाड्याची जीप गेली म्हनत्यात नांदेडला. मोटरसायकलवर बसना ती. लातूरला न्यावं लागंल. तिथंच तिची फाईल हाय."

कधी नव्हे तो मला ताई म्हणाला. गाडी रात्रभर लावलेली होती आणि भरली होती. मी साडी बदलायला आत गेले तेव्हा मायनं गाडीत पाण्याची बाटली ठेवली. तेवढंच घरात गाळलेलं पाणी होतं.

त्याच्या आईला आम्ही मागच्या सीटवर उशीला टेकवून बसवलं. म्हातारी जड होती, पाय सुजलेले होते. गाडी निघाली तशी तिनं डोळे उघडले. "आवाजच न्हाई हिला," ती म्हणाली. "जिती हाय का ही?"

"जिती हाय आई. तू बोलू नको," तो म्हणाला.

लातूर सत्तर किलोमीटर. मी एसी कमीच ठेवला होता, पण म्हातारीला घाम सुटला तेव्हा वाढवला आणि मग समोरचे आकडे भराभर उतरताना पाहिले. तोही ते बघत होता. त्याला बहुधा कळत नव्हतं की ते काय आहे, पण कमी होतंय एवढं कळत होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळून पडली होती. कुठं हिरवं नव्हतं. त्याचीच मोसंबीची बाग तेवढी आमच्या शिवारात हिरवी होती, हे मला तेव्हा आठवलं आणि मी ते मनातच ठेवलं.

लातूरला पोचलो. त्याच्या आईला आत घेतलं, ऑक्सिजन लावला. आम्ही बाहेर बाकड्यावर बसलो. अकराच्या सुमारास त्याचा फोन वाजला. तो उठून चार पावलं लांब गेला, पण आवाज लहान करायची त्याला सवय नव्हती.

"जळाला? कवा?" मग तो फोनवर ओरडला, "आधी वायर काढ. ऐक्‌. बाकीचं ऱ्हाऊ दे. आधी वायर काढून घरी आन."

परत आला तेव्हा त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. म्हणाला, "डीपी जळाला म्हनं. आपला."

मी म्हटलं, "मग आता पाणी?"

तो बाकड्यावर बसला. रुमालानं तोंड पुसत राहिला. त्याच्या आईला ठेवून घ्यायचं ठरलं, तो तिथंच थांबला. मी दुपारी एका पंपावर असलेल्या मशीनला गाडी लावून तासभर बसले आणि उन्हं उतरताना एकटी परत निघाले.

गावात शिरले तेव्हा सगळी माणसं घराबाहेर होती. दिवे नव्हते. मी काचा खाली केल्या होत्या, म्हणून सगळं ऐकू येत होतं, आणि ऐकायला काहीच नव्हतं. गाडी जवळ येईपर्यंत लोकांना कळायचं नाही. जवळ आली की ते वळून बघायचे आणि बाजूला व्हायचे. कुणी शिवी दिली नाही. पारावर बसलेले तीन म्हातारे माझ्याकडं बघत उठून उभे राहिले, जसं प्रेत जाताना उठतात तसे.

माय ओसरीत बसली होती. तिनं प्लगवर पोतं टाकून ठेवलं होतं.

अकरा दिवस डीपी आला नाही. टँकर यायचा तो गावाच्या वेशीपाशी थांबायचा. पाइप आधी तिकडच्या टाकीत जायचा, आमच्या वस्तीकडं येईपर्यंत तळाचा गाळ यायचा. मुद्दाम म्हणावं असं काही नव्हतं. रस्ता तिकडूनच होता. पण पूर्वी टँकर आला की वस्तीतली दोन माणसं वर चढून पाइप धरायची. आता कुणी त्यांना वर चढू देईना. वस्तीतल्या बायकाही मग माझ्याशी तुटक बोलायला लागल्या. एक चुलती मायला म्हणाली, "तुमच्या लेकीच्या गाडीपायी आमच्या तोंडचं गेलं." मला ते तिकडच्या घागरीपेक्षा जास्त लागलं.

चौथ्या दिवशी पंचायतीसमोर बैठक झाली. सकाळीच, ऊन व्हायच्या आत. सरपंचबाई खुर्चीवर बसल्या होत्या, बोलत होते त्यांचे मालक. लाईनमन आला होता. माझा वर्गमित्रही लातूरहून आदल्या दिवशी परतला होता. आई बरी होती. तो कडुनिंबाखाली उकिडवा बसला होता. मी आणि माय बायकांच्या बाजूला उभ्या राहिलो.

सरपंचांचे मालक म्हणाले, "कुनावर आळ घ्यायचा न्हाई. पर लोक बोलून राहिलेत. मॅडम, तुमच्या गाडीचं काय ते तुमीच सांगा."

मी म्हटलं, "डीपी अकराच्या सुमारास जळाला. गाडी त्या वेळी लातूरला होती. ह्यांच्या आईला घेऊन गेले होते मी." आणि मी त्याच्याकडं हात केला.

सगळे त्याच्याकडं वळले. मालकांनी विचारलं, "खरं का रे?"

"हाव," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "गेलतो."

थोडी चुळबूळ झाली. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात लाईनमन बोलला. "डीपी असा एका मिनिटात जळत न्हाई. रातभर तापलेला असतोय. मॅडम, आदल्या रातीला गाडी लावलेली होती का?"

"होती."

"किती येळ?"

"सकाळपर्यंत."

लाईनमननं हात पसरले, म्हणजे बघा. आणि त्या क्षणी मला दवाखान्याबाहेरचं ते बोलणं लख्ख आठवलं. आधी वायर काढ. आमच्या शिवारात सगळं करपलं होतं आणि एक बाग हिरवी होती. बागेतल्या बोरची मोटर शेताच्या लाईनीवर इतके तास चालूच शकत नव्हती. त्याची वायर गावाच्या तारेवर होती, आणि डीपी जळाला तेव्हाही ती चालू होती. हे तिथं दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि मला. कदाचित लाईनमनलाही.

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानंही मान वर करून बघितलं. तो बोलेल असं मला वाटलं. त्याचे ओठ हलले. मग त्यानं रुमाल डोक्याला गुंडाळायला सुरुवात केली, सावकाश, जणू त्याला उशीर होत होता.

मायनं माझं मनगट धरलं. तिची बोटं रुतली.

मी का बोलले नाही हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. गावात पाणी होतं ते त्याच्याच बोरचं होतं. कागदावर तो पंचायतीनं घेतला होता, पण मोटर बिघडली, केबल तुटली, पाणी गेलं, असं त्यानं म्हटलं असतं तर कोण तपासायला जाणार होतं? आणि ते पाणी तुटलं असतं तर आधी कुणाच्या नळाचं तुटलं असतं हे मायला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. हे एक कारण. दुसरं असं, की लाईनमन म्हणाला ते खोटं आहे हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हते. माझी गाडी रात्रभर ओढत होती. त्याची मोटर सकाळी ओढत होती. डीपी एकच होता. कुणाच्या ओढण्यानं तो जळाला हे कुठल्या लॅबमध्ये तपासायचं?

गाडी गावात चार्ज करणार नाही, असं लिहिलेल्या कागदावर मी सही केली. ग्रामसेवकानं तो कागद फायलीत ठेवला. लोक उठले. कुणी जिंकल्यासारखं बोललं नाही. पाण्याचा प्रश्न सुटला नव्हता, नुसता कुणाच्या तरी दारात नेऊन ठेवला होता.

तेव्हापासून मी त्या लातूर रस्त्यावरच्या ढाब्याला जायला लागले. दवाखाना सुटला की उलट्या दिशेनं, एक दिवसाआड. पत्र्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसायचं, मशीन सुरू असेल तर. एकदा ते बंद होतं आणि मी नऊ टक्क्यांवर घरी आले. शेवटच्या चढाला गाडी रांगत होती, समोर लाल दिवा होता, आणि वाटेत थांबले तर इथल्या कुठल्याही घरात प्लग मागायची सोय मला उरलेली नाही, हे मला तेव्हा नीट कळलं. औषधवाले काका मला आता काही विचारायचे नाहीत. त्यांच्या न विचारण्यानंच मी जास्त ओशाळायचे. माय म्हणायची, "इकून टाक." मी म्हणायचे, बघू. विकली असती तर त्या कागदामागचा आळ खरा ठरला असता.

पाऊस त्या वर्षी उशिरा, पण पडला. नवा डीपी आधीच आला होता, पहिल्यापेक्षा थोडा मोठा. भादव्यात एके दिवशी माझा वर्गमित्र आमच्या दाराशी आला. मोसंबीची पिशवी आणली होती. आत ये म्हटलं तर आला नाही, पायरीखालीच उभा राहिला.

"आई आठवन काढती तुमची," तो म्हणाला.

"बरी आहे ना?"

"हाव. चालती आता." मग त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "ताई, त्या दिशी लातूरला मी फोनवर बोलत हुतो. तुमच्या कानावर आलं का काय?"

आता खरं बोलायला कुणाची भीती नव्हती. पाणी आलं होतं, डीपी आला होता. तरी मी म्हटलं, "मी नाही ऐकलं काही. मी तुमच्या आईच्या काळजीत होते."

त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी खोटं बोलले हे त्याला कळलं, आणि त्याला कळलं हे मलाही. त्यानं पिशवी पायरीवर ठेवली आणि गेला. तेव्हापासून तो मला टाळतो. गाडी दिसली की बांधावर उतरतो, काहीतरी शोधत असल्यासारखा वाकतो. मी वाकडं बोलले असते तर कदाचित त्यानं ते सोसलं असतं. मी त्याला माफ केलं असं त्याला वाटलं असावं, आणि ते त्याच्या अंगावर आलं असावं. मी माफ केलं नव्हतं. मला नुसतं ते पुन्हा उकरायचं नव्हतं.

या सगळ्याला आता काही वर्षं झाली. गावात विजेच्या स्कूटर आल्या आहेत, वेशीकडच्या बाजूला एकाच्या दारात माझ्यासारखीच गाडी उभी असते. सरपंचांच्या मालकांनी मुलाला घेऊन दिली आहे. ती रोज ओसरीत लावतात. कुणी काही म्हणत नाही. एकदा मी ग्रामसेवकाकडं गेले आणि तो कागद रद्द करा म्हटलं. नवा माणूस आहे, त्याला काही माहीत नव्हतं. फायली चाळून तो म्हणाला, "सापडत नाही मॅडम. जिल्ह्याचं एकदा ठरू द्या, मग सगळं नव्यानं लावायचंच आहे." म्हणजे कागद नाही आणि रद्दही होत नाही. मी अजून ढाब्यालाच जाते. आता तिथं तीन मशीनं आहेत.

यंदा मृग कोरडा गेला. आर्द्राही गेली. लोक पुन्हा येईल येईल म्हणतात, त्याच आवाजात. गावची विहीर तळाला लागली आहे आणि बोर पुन्हा घेणार अशी कुणकुण आहे. परवा संध्याकाळी जेवत होतो तर दिवा तांबडा झाला, पंखा हळू झाला. बोरच्या बाजूनं मोटरीची घरघर आली, उचलायचा प्रयत्न करून थकल्यासारखी, आणि थांबली. बाहेर दारं उघडल्याचे आवाज आले. माणसं रस्त्यावर येऊन उभी राहिली. काही जण सरपंचांच्या घराकडं बघत होते. पण थोड्या वेळानं, एकेक करून, माना आमच्या ओसरीकडं वळल्या. तिथं प्लगसुद्धा उरलेला नाही, तो मी केव्हाच काढून टाकला.

मायनं ताट बाजूला सारलं. "गाडी उद्या कंधारलाच ठेवून ये," ती म्हणाली. "एसटीनं जात जा."

"माय, अजून तर काही झालं नाही."

"म्हनूनच उद्या," ती म्हणाली आणि दाराला कडी लावायला उठली.